अक्कांनी न ओढलेली रेघ

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या दुकानात एका लग्नपत्रिकेचं काम करत होते. मुलाकडची तिघं माझ्या खुर्चीमागे उभी राहून, वधूवरांची नावं अजून थोडी मोठी करता येतील का, असं विचारत होती. फोन धुळ्याहून मंदावहिनींचा, म्हणजे अक्कांच्या सुनेचा होता. "यमुना, अक्का गेल्या गं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि..." मी नावं मोठी केली. पत्रिका पूर्ण केली, नमुना छापून तिघांच्या हातात दिला आणि मग उठून एस.टी. स्टँडवर गेले. हातात घेतलेलं नाव अर्धवट टाकून उठायचं नाही, हा अक्कांचा नियम होता आणि मी तो पाळला, असं बसमध्ये स्वतःला सांगत राहिले. पण त्याच नियमामुळे एक गोष्ट मला त्या दिवशी काही केल्या उलगडत नव्हती. अकरा दिवसांपूर्वी शेवटची भेट झाली, तेव्हा त्यांनी माझंच नाव अर्धवट सोडलं होतं.

अक्का म्हणजे शकुंतलाअक्का. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत त्यांच्या दिरांचा छापखाना होता. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सातवी शिकलेल्या होत्या. पत्रिकांना घड्या घालायचं काम आधी त्यांच्याकडे आलं, मग पाकिटांवर निमंत्रितांची नावं लिहायचं, आणि मग एका वर्षी एका शाळेच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायला कोणी मिळेना म्हणून तो गठ्ठा त्यांच्यापुढे येऊन पडला. तिथून पुढे जन्मभर त्यांनी हेच काम केलं. धुळे, अमळनेर, एरंडोल, पार जळगावपर्यंत कोणाच्या भिंतीवर बोरूनं लिहिलेलं, काळ्याभोर शाईतलं, जाड-बारीक वळणांचं नाव दिसलं, की ते बहुधा अक्कांच्या हातचं असे. प्रमाणपत्रं, मानपत्रं, निरोप समारंभाच्या चौकटी, संस्थांची निमंत्रणं... खाली त्यांची सही कुठेच नाही. प्रमाणपत्रावर सही मुख्याध्यापकांची असते, अध्यक्षांची असते. नाव लिहिणाऱ्याच्या सहीसाठी जागाच सोडलेली नसते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आठवीत असताना. आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आश्रमशाळांच्या स्पर्धा त्या वर्षी धुळ्याला होत्या आणि निबंधात माझा दुसरा नंबर आला होता. मी इतक्या लांब पहिल्यांदाच जाणार म्हणून बाबा सोबत आले होते. नंबर त्याच दिवशी ठरत असल्यामुळे नावं आधी लिहून ठेवता येत नसत. मांडवाच्या कडेला एका टेबलाशी सुती नऊवारीतल्या एक बाई उतरती पाटी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, वाटीत शाई, शेजारी तासलेले दोन बोरू. आम्ही मुलं रांगेत.

"नाव सांग. पूर्ण," त्या म्हणाल्या. मी पुटपुटले. "मोठ्यानं सांग गं. हळू सांगितलेलं नाव मला मोजता येत नाही."

"यमुना दित्या बारेला."

त्यांनी डोळे मिटून ते नाव स्वतः एकदा मोठ्यानं म्हटलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि बोरू शाईत बुडवून ठिपक्यांच्या ओळीच्या बरोब्बर मधोमध टेकवला. पहिलं अक्षर उमटलं ते 'दि'. मला वाटलं, यांचं चुकलं. धीर करून म्हणाले, "बाई, माझं नाव यमुना आहे." त्या मान वर न करता म्हणाल्या, "माहीत आहे. येते तुझ्यापर्यंत."

ही त्यांची पद्धत होती. प्रमाणपत्रावर जागा ठरलेली असते. डावीकडून लिहीत गेलं तर लांब नाव उजवीकडे दाटतं आणि आखूड नाव एका कोपऱ्यात पोरकं होऊन बसतं. म्हणून अक्का मधून सुरुवात करत. आधी मधलं नाव, मग उजवीकडे आडनाव, आणि मग उलटं डावीकडे येत शेवटचं अक्षर आधी असं करत मुलाचं नाव. आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप असतो. त्यामुळे अक्कांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रमाणपत्रावर सगळ्यांत आधी उमटलेलं नाव बापाचं आहे.

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सगळ्या पोरांची नावं कडेपासून सुरू होतात एवढं त्यांनी शाळेच्या फळ्यावर पाहिलेलं होतं. त्यांनी आमच्या गुरुजींना विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी ती?" गुरुजी म्हणाले, "तुमचं नाव." बाबा गोंधळले. "मनं? कसाले?" तेव्हा अक्काच लिहिता लिहिता खान्देशीत बोलल्या, "भाऊ, मी बापपासूनच सुरू करस. जागा बराबर बसस." बाबांनी खांद्यावरचा टॉवेल उगीचच नीट केला. तोवर त्यांचं नाव कुठल्याही कागदावर आलं, की त्याखाली अंगठा द्यावा लागे. इथे कोणी अंगठा मागितला नाही.

अक्षरं झाली तेव्हा ती सुटी सुटी होती, वरच्या रेघेविना. अक्कांनी बोरू पुन्हा शाईत बुडवला, कडेला निथळवला, एक श्वास आत घेतला आणि डावीकडून उजवीकडे, पट्टी नाही की पेन्सिलीची खूण नाही, अख्ख्या नावावरून एकच रेघ ओढली. शेवटाला ती किंचित बारीक झाली आणि केसभर वर उचलली गेली. मग त्यांनी श्वास सोडला. बाबा पटकन म्हणाले, "बाई, तुम्ही दम धरा होता." अक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. "तुमले कसं कळनं?" बाबा म्हणाले, "पेरतांना वावरमा तास सरळ ओढना पडस ना. आम्हीबी धरतस." अक्का हसल्या. परतीच्या बसमध्ये बाबांनी ते प्रमाणपत्र मांडीवर घेतलं आणि मला त्यांचं नाव दाखवायला लावलं. शाई कधीच वाळली होती, तरी गाव येईपर्यंत त्यांचं बोट कागदापासून वीतभर वरच होतं.

पुढे मी अमळनेरला कॉलेज केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावं लिहायला बसले तर हा लेख त्यातच संपेल. जळगावात पत्रिका आणि छपाईच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर काम मिळालं. तिथेच काम करता करता अक्षरांची गोडी लागली, आणि फॉन्ट कसा घडवतात ते मी रात्रशाळेत शिकल्यासारखी चाचपडत, चुकत शिकले. एकदा मी शिकले त्या आश्रमशाळेची प्रमाणपत्रं घेऊन आमचे गुरुजी दुकानात छापायला आले. नावाच्या जागी नुसते ठिपके. मी गुरुजींना विचारलं, "नावं?" ते म्हणाले, "बॉलपेननं टाकतो आम्ही. आता लिहिणारं कोण आहे?" मला अक्का आठवल्या. त्या रविवारी मी धुळ्याची बस धरली.

पाचव्या गल्लीत छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालेलं होतं, पण वरच्या मजल्यावर खिडकीशी अक्का तशाच बसलेल्या होत्या, पुढ्यात पाटी. मी ओळख सांगितली. त्यांना मी आठवणं शक्यच नव्हतं. पण मी बाबांनी दम ओळखल्याची गोष्ट सांगितली तशा म्हणाल्या, "तो पेरणीवाला? मग तसं सांग ना. नावं काय, ढिगानं लिहिली. दम ओळखणारा एकच भेटला." मी त्यांच्या अक्षराचा फॉन्ट करायचं म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्याशिवाय माझं अक्षर."

"हो अक्का."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आराम करा."

"आराम करूनच दमले गं," त्या म्हणाल्या आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. तर्जनीचं पेर सुजून कडक झालं होतं. त्या वर्षी त्यांनी तीन शाळांच्या याद्या परत केल्या होत्या. "पोरगं वर्षभर मैदानावर धावतं आणि त्याचं नाव बॉलपेननं लिहितात. लग्नाच्या पत्रिकेला बघ, किती नखरे. नवरदेवाच्या नावाला वेलबुट्टी हवी. आणि या लेकरांना? त्यांच्या घरात नाव लिहिलेला तो एकच कागद असतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कर. पण एक ऐक. शाळांना अडवायचं नाही. मागेल त्या शाळेला द्यायचं. आणि मी हो म्हटल्याशिवाय बाहेर काढायचं नाही." मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

पहिली चूक मीच केली. मोठ्या चौकोनांचे कागद छापून नेले आणि अक्कांना एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहायला लावलं. क, का, कि, की... त्यांनी सोसेल तसं दोन महिन्यांत सगळं लिहून दिलं. मी ते कॉम्प्युटरवर घेतलं, कडा घासूनपुसून साफ केल्या, सगळ्या काना-मात्रा एका मापाच्या केल्या आणि एक नमुना प्रमाणपत्र छापून मोठ्या उत्साहानं घेऊन गेले. अक्कांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. "छान आहे. कोणाचं अक्षर?"

"तुमचंच."

"माझं नाही. ही अक्षरं फोटोला उभी केल्यासारखी उभी आहेत. शेजारी कोण आहे, कोणाला पत्ता नाही." माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी मंदावहिनींना चहा टाकायला सांगितला आणि म्हणाल्या, "चूक तुझी एकटीची नाही. मी पण मुकाट्यानं चौकोन भरत बसले. अगं, मी अक्षरं कधी लिहिलीच नाहीत. मी नावं लिहिली."

मग आम्ही त्यांनी लिहिलेली नावं शोधायला निघालो. मी सुट्टीच्या दिवशी धुळ्याला यायची आणि अक्का पदर खोचून तयार असायच्या. वहिनी ओरडायच्या, "या वयात उन्हातान्हाची दारोदार कुठे नेतेस त्यांना?" अक्का म्हणायच्या, "सासूला कोणी नेतंय तर नेऊ दे की. तुला दुपारची झोप मिळेल." एस.टी.नं अमळनेर, एरंडोल, जळगाव, आणि तिथून पुढे रिक्षा. लोकांच्या बैठकीत शिरायचं, भिंतीवरच्या चौकटीचा फोटो काढायची परवानगी मागायची.

अमळनेरला एक वेल्डिंगवाले होते. शाळेत असताना ते धावण्यात तालुक्यात तिसरे आले होते. दुकानातच, गॅसच्या नळकांड्यावरच्या भिंतीला ती चौकट होती. त्यांनी आम्हाला आधी सरळ नाही म्हटलं. "उतारस नही मी ते. एकच शे मनं. पोरं म्हणतस, बाप धावना का खरंच? मंग मी भिंत दखाडस." अक्का म्हणाल्या, "नका उतारू. मी लिखेल शे ते, फक्त दखू द्या." त्यांचा विश्वास बसेना. अक्कांनी त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं, डोळे मिटून मोठ्यानं म्हटलं, बोटांवर मोजलं, आणि चौकटीकडे न बघता सांगितलं, "तुमच्या बापाच्या नावाचं दुसरं अक्षर ठिपक्यांच्या बरोबर मधे आलेलं असणार." त्यांनी स्टुलावर चढून पाहिलं. मग गॉगल कपाळावर सरकवून स्वतःच चौकट उतरवली आणि फडक्यानं पुसून अक्कांच्या मांडीवर ठेवली. जळगावला दाणाबाजारातल्या एका मारवाडी व्यापाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांचं मानपत्र होतं. ते म्हणाले, "अक्का, आमच्या पिताजींच्या फोटोपेक्षा लोक हे नाव जास्त बघतात." अक्का मात्र आपल्याच जुन्या अक्षराची परीक्षा घेत होत्या. "हा 'ल' बघ, जेवून उठल्यासारखा सुस्त. तेव्हा घाई करायची मी."

त्या भिंतींवरून मला कळलं, की अक्कांचा एकही 'र' दुसऱ्यासारखा नाही. शेजारी उंच मात्रा आली, की तो किंचित खाली झुकून तिला वाट करून देतो. नाव लांब असेल तर सगळी अक्षरं थोडी थोडी अंग चोरतात. मी घासून साफ केलेलं सगळं टाकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकेका अक्षराची तीन-तीन, चार-चार रूपं, शेजारी कोण आहे ते पाहून बदलणारी. वर्ष गेलं. पण ज्या दिवशी नवा नमुना अक्कांनी खिडकीत धरला, त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून नाव दोनदा वाचलं. मग वहिनींना हाक मारली. "मंदा, इकडे ये. माझं अक्षर बघ." त्या वेळी त्यांच्या आवाजात जे होतं, ते मिळवण्यासाठी मी अजून दहा वर्षं काम करायला तयार आहे.

आणि लगेच त्यांचं बोट वरच्या रेघेवर गेलं.

कॉम्प्युटरच्या अक्षरात वरची रेघ तुकड्यातुकड्यांची असते. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर आपला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांना चिकटतात. कितीही मोठं करून पाहिलं तरी फट दिसत नाही. अक्का म्हणाल्या, "ही जोडलेली आहे." मी सुरुवातीचा तुकडा वेगळा केला, शेवटचा बारीक होऊन वर उचललेला केला, मधल्यांची जाडी हळूहळू कमी होत जाईल असं केलं. तीनदा नमुना नेला. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "जोडलेली आहे." जूनमध्ये शाळा सुरू होणार होत्या, आमच्या आश्रमशाळेचे गुरुजी विचारत होते, आणि अक्कांचा हो येत नव्हता. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. मी म्हणाले, "अक्का, तुम्हाला कळतं. लोकांना कोणाला कळणार आहे?"

त्यांनी नमुना घडी घालून मला परत दिला. "तुझ्या बापाला कळलं होतं."

त्यानंतर दोन महिने मी धुळ्याला गेले नाही. लग्नसराई होती, काम होतं, हे खरं. पण काम नसतं तरी गेले नसते, हेही खरं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं नाव अक्कांनी असं पुढे करावं, याचा मला राग आला होता. त्या रागात त्यांच्या उरलेल्या दिवसांतले साठ दिवस मी घालवले... हे लिहायला हवं.

शेवटी मीच गेले. अक्का खिडकीशीच बसल्या होत्या. त्या खूप वाळल्या होत्या. पाटीवर जाड पिवळसर कार्ड लावून तयार होतं. "बस. नाव सांग. पूर्ण." मला वाटलं, थट्टा करतात. "सांग गं. मोठ्यानं." मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ते म्हटलं, मोजलं आणि मधोमध बोरू टेकवला. दि, त्या. मग बा, रे, ला. मग उलटं, ना, मु, य. बोट दुखत होतं, प्रत्येक अक्षरानंतर त्या हात झटकत होत्या, पण अक्षर कुठेही हललं नाही. शेवटी त्यांनी बोरू पाण्यात बुडवून धुतला आणि फडक्यात गुंडाळला.

"अक्का, रेघ?"

"राहू दे."

"हात दुखतोय का? पुढच्या वेळी ओढा."

"राहू दे म्हटलं ना. घेऊन जा." मी ते कार्ड वहीत घालून घेऊन आले. दमल्या असतील, असं समजले. अकरा दिवसांनी वहिनींचा फोन आला.

तेराव्याला वहिनींनी पोह्यांचा एक जुना डबा माझ्या हातात दिला. त्यात अक्कांचे बोरू होते. मी त्यांना म्हटलं, "त्या दिवशी फार दमल्या होत्या ना? नाव पूर्ण करता आलं नाही त्यांना." वहिनी म्हणाल्या, "दमल्या? तू जिना उतरलीस आणि त्यांनी जुनं कॅलेंडर मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीवर रेघा ओढत बसल्या होत्या. मी म्हटलं, अहो, हात दुखेल. तर म्हणे, रेघेला बोट लागत नाही, दम लागतो. तो आहे अजून." त्यांनी ते कॅलेंडर आणून दाखवलं. पानामागून पान, एका श्वासाच्या रेघा. शेवटाला बारीक, केसभर वर उचललेल्या. खाली अक्षर एकही नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडेपर्यंत मी ते कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले होते. अक्कांनी मला उत्तर लिहून दिलं होतं आणि मी ते वहीत घालून विसरले होते. जी रेघ जोडून होत नाही, ती जोडायची नाही. ती सोडायची, माणसासाठी. त्या आठवड्यात मी फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा तुकडा काढून टाकला. नावं आता रेघेविना छापली जातात, सुटी सुटी. आणि ज्यानं प्रमाणपत्र द्यायचं, त्यानं बोरू घेऊन, श्वास धरून, ती रेघ हातानं ओढायची. दुकानातले सोबती म्हणाले, अर्धवट फॉन्ट कोण वापरेल? मी म्हटलं, ज्याला पुरा करायचा असेल तो.

पहिल्यांदा तो गेला आमच्याच आश्रमशाळेत. मी बांबूचे बोरू तासून नेले. गुरुजी म्हणाले, "यमुना, माझी रेघ वाकडी जाईल गं. पोरांचं नाव बिघडेल." आम्ही आठवडाभर रद्दी पेपरवर सराव केला. पाच शिक्षक, दोन शिक्षिका आणि स्वयंपाकघरातल्या एक मावशी. मावशींची रेघ सगळ्यांत सरळ यायची. गुरुजी त्यांना म्हणायचे, "मावशी, तुम्हीच मुख्याध्यापक व्हा." मावशी म्हणायच्या, "मंग भाकरी तुम्ही टाका." बक्षिसाच्या दिवशी एकेका मुलाला पुढे बोलावलं. तो आपलं नाव मोठ्यानं सांगायचा, गुरुजी ते पुन्हा म्हणायचे, आणि मग सगळ्यांसमोर रेघ ओढायचे. दुसऱ्या-तिसऱ्या नावापासून पटांगणातली सगळी पोरंही गुरुजींबरोबर श्वास धरायला लागली. रेघ पुरी झाली, की सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा. लांब उंबराखाली बसलेले आईबाप मान उंचावून बघत होते. दोन रेघा वाकड्या गेल्या. ती प्रमाणपत्रंही तशीच दिली. परत छापून मागायला कोणी आलं नाही.

अक्कांनी हो म्हटल्याशिवाय फॉन्ट बाहेर काढणार नाही, असं मी कबूल केलं होतं. ते कॅलेंडर म्हणजे त्यांचा होकार, असं मी धरून चालले आहे. चुकत असेन तर त्याची जबाबदारी माझी. आतापर्यंत चार शाळांनी तो नेला आहे. जी मागेल तिला देईन, आणि सोबत एक तासलेला बोरूही देईन. कॉम्प्युटरवर त्या फाइलचं नाव अजून 'अक्का' एवढंच आहे. दुसरं ठेवायचं कारण मला दिसत नाही.

ते पिवळसर कार्ड घरी माझ्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. दीड महिना मी त्याला हात लावला नाही. अक्षरं रेघेविना उभी, मधोमध बाबा. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी मी रद्दीवर वीसेक रेघा ओढायची. परवा सकाळी डब्यातला अक्कांचा बोरू काढला, वाटीत शाई घेतली, कार्ड टेबलावर आडवं ठेवलं. रिकाम्या खोलीत नाव एकदा मोठ्यानं म्हटलं, पूर्ण. मग श्वास आत घेतला आणि ओढली.

'दि'वर आल्यावर हात किंचित रेंगाळला. तिथे रेघ थोडी जाड झाली आहे. शेवटाला मात्र ती बारीक होऊन वर उचलली गेली. शाई वाळल्यावर मी कार्ड पुन्हा भिंतीला टेकवून ठेवलं आणि बोरू पाण्यात बुडवून धुतला.